वरचे एकोणीस रुपये

पुणे,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय शेठ,

अण्णांच्या वर्षश्राद्धाला मी आलो नाही. त्यानंतर फोनही केला नाही. दिवाळीत तुझा मेसेज आला, त्याला मी नुसतं हात जोडलेलं चित्र पाठवलं. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक आहे. साखर वर-खाली होते, गोळी चालू आहे. बस.

लिहायला बसलो ते एका दुकानामुळे. आमच्या कोपऱ्यावर ते मोठं काचेचं दुकान झालंय बघ. मागच्या खेपेला तू तिथले शेंगदाणे तोंडात टाकलेस आणि थुंकायला जागा शोधत राहिलास, तेच. दिवाळीनंतरच्या रविवारी तिथे गेलो होतो. डाळ, पोहे, साबण, असलंच किरकोळ. काउंटरवर वीस-बावीस वर्षांची पोरगी. म्हणाली, "थ्री सिक्स्टीनाइन."

मी म्हटलं, "तीनशे एकोणसत्तर ना?"

ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, "नाही सर, सिक्स्टीनाइन."

शेठ, तू हसशील. मीही आधी हसलो. मग कळलं की ती थट्टा करत नव्हती. पोरगी अस्सल मराठी होती, गळ्यात काळ्या मण्यांची पोत. पण 'सत्तर' ऐकलं की तिच्या डोक्यात सेवंटी उभं राहत होतं आणि आधीचं 'एकोण' वाऱ्यावर जात होतं.

मी पाचशेची नोट दिली, तिने यंत्रात पाचशे दाबले. तेवढ्यात खिशात चिल्लर लागली. दहा, पाच, दोन, दोन. म्हटलं, "हे घे वरचे एकोणीस आणि मला दीडशे दे." तिने एकोणीस रुपये हातात घेतले, त्यांच्याकडे बघितलं आणि परत माझ्यापुढे ठेवले. "सर, एकशे एकतीस येतायत." मी म्हटलं, "अगं, एकतीस आणि एकोणीस किती?" तिने मोबाइल काढला. पाचशे एकोणीसमधून एकशे एकतीस वजा केले. आले तीनशे अठ्ठ्याऐंशी. आता ती पुरती घाबरली. टाय लावलेला एक पोरगा आला, त्यानेही मोबाइलच काढला. मागचा माणूस म्हणाला, "काका, स्कॅन करा ना, कशाला एवढा व्याप?" शेवटी तिने मला एकशे तीस रुपये दिले आणि उरलेल्या एका रुपयाची टॉफी. माझे एकोणीस रुपये तिथेच काउंटरवर पडलेले, त्यात सुटी नाणी, आणि मला रुपयाऐवजी टॉफी!

माझा आवाज चढला. खोटं कशाला सांगू, चांगलाच चढला. "दुसरी-तिसरीतल्या पोराला येतं हे! किती शिकलीस तू?" ती म्हणाली, "बारावी कॉमर्स." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी टॉफी तिथेच ठेवली, नाणी उचलली आणि घरी आलो.

स्कॅन मलाही करता येतं. नोटबंदीला परवा नऊ वर्षं झाली, एवढ्या काळात शिकलोच. पण मी मुद्दाम रोख देतो. नोट दिली, मोड घेतली, दोघांनी मोजली, यात एकमेकांकडे बघावं लागतं. तुला हे पटणार नाही. तू मुंबईहून तो कॅल्क्युलेटर आणलास तेव्हाही म्हणाला होतास की डोकं मोकळं राहील, धंद्याचा विचार करता येईल. त्यावरून आपण रात्री नऊपर्यंत अण्णांच्या सांगलीतल्या दुकानाच्या पायरीवर भांडलो, आणि अण्णा आतून म्हणाले, "दोघंही आत या, बेरीज करून दाखवतो." सतरा कलमांची बेरीज त्यांनी कानावरची पेन्सिल न काढता केली. तू बटणं दाबत होतास अजून. तरी तू म्हणालासच की अण्णांना यादी आधीच माहीत होती.

त्या रविवारपासून मला अण्णांचे हात दिसतायत. मोड देताना ते वजाबाकी करताना तू कधी पाहिलेस? मी तरी नाही. ते चढत जायचे. आठ रुपये पासष्ट पैसे झाले, गिऱ्हाइकाने वीसची नोट दिली, की त्याच्या तळहातावर दहा पैसे, "पावणेनऊ". चार आणे, "नऊ". रुपया, "दहा". दहाची नोट, "आणि हे वीस". गिऱ्हाइकाला लिहिता-वाचता येत नसलं तरी त्याच्या हातावर हिशेब पुरा व्हायचा, त्याच्याच कानासमोर. आणि कुणी वर चिल्लर दिली, तर ती अण्णा बिलातून आधी उडवायचे. तीनशे एकोणसत्तरातून एकोणीस उडाले, राहिले साडेतीनशे, आता साडेतीनशेचे पाचशे करायला काय लागतं? यात पाटी नाही, हातचा नाही. पाच पैसे सुटे नसले तर पुडीवर लिहून द्यायचे, आणि पुढच्या वेळी बायका ती पुडीच घेऊन यायच्या.

नव्या पैशांची गोष्ट आठवते? १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. अण्णा सांगायचे की पहिले काही महिने गणपती पेठेत रोज भांडणं. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, मग तीन आण्यांचे अठरा का नाहीत, एकोणीस का? गिऱ्हाईक म्हणे शेठजी एक पैसा मारतात. तेव्हा अण्णा चार आण्यांचे पंचवीस मांडून प्रत्येकाला समजावून सांगायचे की आणा म्हणजे सव्वासहा, तिनांचे पावणेएकोणीस, म्हणून एकोणीस. एकेका गिऱ्हाइकाला! पुढे किलो आले तेव्हा शेर-छटाकांचंही तेच केलं. त्या खतावण्या २०१९ च्या महापुरात गेल्या याचं मला तुझ्याइतकंच वाईट वाटतं. त्यात समासात अण्णांनी केलेली आण्यांची कोष्टकं होती.

त्याच २०१९ साली आपण फोनवर भांडलो होतो. बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बत्तीससाठी 'वीस एक', 'तीस दोन' आणलं आणि मी संतापलो होतो. तू म्हणालास, गणितज्ञ मंगला नारळीकर समितीवर आहेत, त्या काय उगाच करतील? पोरांना जोडाक्षरं आणि उलटे आकडे जड जातात. मी तुला भाषाबुडवा म्हणालो. आता मला त्या पोरीचा चेहरा आठवतो. 'एकोणसत्तर' म्हणजे किती हे तिला कुणी कधी नीट सांगितलंच नाही, आणि शाळेबाहेर सगळे आकडे इंग्रजीत. मी तुझ्या बाजूला आलोय असं समजू नकोस. 'साठ नऊ' शिकूनही तिला दीडशे रुपये देता आले नसते. पण तुला भाषाबुडवा म्हणालो ते मागे घेतो.

'असर' या शिक्षणाच्या पाहणीचा २०२३ चा अहवाल वाचलास का? खेड्यांतल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागायला सांगितलं. शंभरातल्या त्रेचाळीसच मुलांना जमलं. आणि यंदा फेब्रुवारीत पेपरात आलं होतं की अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्या मंडळींनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी पोरं तपासली. गिऱ्हाइकाने काही वस्तू घेतल्या, एवढी नोट दिली, तर पोरं डोक्यात चोख हिशेब करतात. पण तोच हिशेब कागदावर शाळेच्या पद्धतीने दिला की अडतात. आणि शाळेतली पोरं उलटी. कागदावर ठीक, बाजारात गोंधळ. हे वाचून मी तुझी आठवण काढली. आपण दोघं दोन्हीकडचे होतो, शेठ. सकाळी मास्तरांची छडी, संध्याकाळी अण्णांचा गल्ला. पावकी, निमकी, औटकी (पाव, अर्धा, साडेतीनचे पाढे) शाळेत कुणी घेतली होती आपल्याकडून? अण्णांनी घेतली, शेंगा निवडता निवडता. नऊ औट किती म्हटल्यावर तू एकतीस म्हणालास आणि अण्णांनी तुझ्या ओंजळीतून अर्धा शेंगदाणा कमी केला ("साडे कुठे गेलं?"). त्या पोरीला असं कोण भेटणार? तिला यंत्र कसं चालवायचं ते दोन दिवस शिकवलं, पैसे कसे द्यायचे ते एक तासही नाही.

हे मला कुठून कळलं ते सांगतो. गुरुवारी दुकानाबाहेर रिक्षाची वाट बघत उभा होतो. तिथला वॉचमन आपल्या तासगावकडचा निघाला. बेदाण्याच्या भावावरून सुरू झालं आणि त्या पोरीवर आलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही ओरडलात ती ना? रात्री कॅश शॉर्ट आली की पगारातून कापतात. मागच्या महिन्यात तिचे पाचशे गेले. जास्त आली तर मात्र ती दुकानाची." मला त्या दुकानाचा असा संताप आला! ज्याला गल्ल्यावर बसवलं त्याला हिशेब शिकवायचा नाही, आणि चुकला की त्याच्याच ताटातून काढून घ्यायचं. अण्णांनी हमालाचा, नोकराचा एक पैसा कधी कापला नाही.

शनिवारी दुपारी मुद्दाम गर्दी नसताना गेलो. मला बघून तिचा चेहरा उतरला. म्हटलं, "ओरडायला नाही आलो गं." अण्णांची रीत दाखवली. तिच्याच काउंटरवर नाणी मांडली. एकोणीस उडाले, साडेतीनशे, चारशे, पाचशे. तिने दोनदा केलं, तिसऱ्यांदा मी आकडा बदलला तरी बरोबर आलं. "वजाबाकी करायचीच नाही?" म्हणाली आणि हसली. मग स्क्रीनकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "पण सर, इथे एकशे एकतीस लिहिलेलं असताना मी दीडशे काढले तर? वर कॅमेरा आहे." मी सांगितलं की एकोणीस आत गेले, दीडशे बाहेर आले, गल्ल्यातून एकशे एकतीसच कमी झाले. तिने बोटांवर मोजलं. कळलं तिला. तरी म्हणाली, "आता कळतंय. पण गर्दी झाली, कुणी ओरडलं की काहीच सुचत नाही."

त्यावेळी तिच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं, आणि म्हणून हे पत्र.

दिवाळी १९७५. यंदा पन्नास वर्षं झाली. धनत्रयोदशीच्या रात्री गल्ल्यात दहा रुपये कमी आले. दुपारभर तू बसला होतास, संध्याकाळी मी. तू म्हणालास मी नाही, मी म्हणालो मी नाही. आठ दिवस आपण बोललो नाही. अण्णा तुला म्हणाले, "गल्ला सांभाळता येत नाही, आणि हे उद्याचे शेठ." दुसऱ्या दिवशी ते नाव मीच सगळ्या आळीत केलं.

ते मी होतो. एक बाई होती, वीसची नोट दिली तिने. मी अण्णांसारखं मोठ्यानं मोजत होतो, नऊ, दहा, आणि दहाची नोट ठेवली, "वीस". तेवढ्यात तू मागून ओरडलास, बेदाण्याचं पोतं सुटलंय म्हणून. वळून परत आलो आणि पुन्हा "दहा" पासून सुरू केलं, पुन्हा दहाची नोट दिली. बाई निघून गेल्या. त्या रात्री अंथरुणावर मला हे लख्ख आठवलं. सकाळी सांगायचं ठरवलं. सकाळी अण्णा तुझ्याशी ज्या आवाजात बोलले ते ऐकून मी गप्प बसलो, आणि मग गप्पच राहिलो. अण्णांना बहुतेक ठाऊक असावं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला संध्याकाळऐवजी दुपारी बसवलं, गर्दी नसताना, कारण काही न सांगता. वर्षश्राद्धाला आलो नाही त्याचं कारण मी तुला रिझर्व्हेशन सांगितलं होतं. ते नव्हतं.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? दुसरं मत घे, पण फार लांबवू नकोस. दुकानाची जागा त्या मोबाइलवाल्याला पुन्हा अकरा महिन्यांनीच दे, जास्त नको. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद. त्याला औटकी येते का विचार.

संक्रांतीला सांगलीत येतोय. दहा रुपये आणतो. माझ्या हातून घेताना मोठ्यानं मोज.

तुझा,
मुनीम