पाड्यावरच्या सिकलसेल समुपदेशनासाठी ठाणेकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी रक्ततपासणीचा कागद घेऊन आमच्या मंडळाकडे आली. कागदावर ‘वाहक’ असे छापले होते. हा शब्द तिने आजवर एसटीत कंडक्टरच्या सीटपाशी तेवढा वाचलेला. जिथे तपासणी झाली तिथे तिला सांगितले गेले, “पॉझिटिव्ह आहेस, लग्न जपून कर.” पॉझिटिव्ह म्हटल्यावर घरच्यांना एड्स वाटला आणि ठरलेले लग्न मोडले. मुलाचे रक्त कुणी तपासलेच नव्हते.

सिकलसेल हा आई-बापाकडून मुलात येणारा रक्ताचा आजार. त्याचा गुण दोघांपैकी एकाकडूनच आला, तर माणूस वाहक. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर दर गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. पण “चारातलं एक” म्हटले की एक मूल आजारी निघाल्यावर पुढची तीन सुटली, असे लोक धरून चालतात. म्हणून आम्ही दाणे घेऊन बसतो. आधी आजाराचा दाणा नाचणीचा होता. एका वारली आजीने थांबवले, “ही आमची कणसरी, धान्याची देवी. तिला आजार कसं म्हणता?” त्या दिवसापासून चिंचोका आणि वाल. आईच्या मुठीत दोन्ही, बापाच्याही मुठीत दोन्ही; न बघता एकेक उचलायचा, दोन्ही चिंचोके आले तर आजार. पुढच्या मुलासाठी दाणे परत मुठीत. दोष एकट्या आईचा नाही, हे सासूला तिथेच दिसते. हा गुण हिवतापाच्या मुलखात वाहकांना तारत आला म्हणून टिकला, ‘वाईट रक्त’ म्हणून नव्हे, हेही आम्ही आवर्जून सांगतो. गर्भाची तपासणी करायची की नाही, ते जोडप्याने ठरवायचे.

केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी करायचे उद्दिष्ट तेव्हा ठरले. तपासणी होईल, पण समजावणार कोण? प्राथमिक चाचणी पाड्यावर काही मिनिटांत होते, पक्का रिपोर्ट मागाहून येतो. तोवर कातकरी कुटुंब वीटभट्टीवर गेलेले असते आणि कागद कुलूपबंद झोपडीच्या दारात राहतो.

आम्हाला सर्वांत जास्त गरज आहे ती वारली, कातकरी, ठाकरी बोलणाऱ्या तरुण-तरुणींची. प्रशिक्षण आणि मानधन आम्ही देऊ. जनुकीय समुपदेशक आणि रक्तविकारतज्ज्ञांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. पहिले दोन रविवार मात्र फक्त ऐकायला यावे, ही विनंती. भिवंडी-कल्याणकडच्या भट्टीमालकांनी संध्याकाळचा एक तास आणि आडोशाची जागा द्यावी, कारण कुणाचाही रिपोर्ट चारचौघांत वाचून दाखवायचा नाही, हा आमचा नियम आहे. देणगी गाडीच्या डिझेलला, मानधनाला आणि समुपदेशनासाठी रोजंदारी बुडवून येणाऱ्यांच्या मजुरीला जाईल. रक्कम कितीही असो, पावती मिळेल आणि हिशेब मंडळाच्या फलकावर लागेल.

दिवाळी झाली की माणसे भट्ट्यांवर निघतात. त्याआधी मंडळाच्या कार्यालयात नाव नोंदवावे.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, ठाणे