“अहो, डिपरच आहे हा!” : एलईडी हेडलाईट संचाबद्दल तक्रार

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जुन्या पिकअपसाठी घेतलेल्या एलईडी हेडलाईट संचाचे (एच-फोर प्रकारचे बल्ब, दोन नग) पैसे परत मिळण्याबाबत आणि जाहिरातीतला खोटा मजकूर काढण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी जुन्नर तालुक्यातला शेतकरी. माझ्याकडे २०१२ची बोलेरो पिकअप आहे. टोमॅटोच्या हंगामात भाव बघून कधी नारायणगावला, कधी वाशीला माल नेतो. वाशीला जायचं म्हणजे संध्याकाळी गाडी भरायची, ओतूर सोडलं की माळशेज, मग मुरबाड, कल्याण आणि पहाटे मार्केट. म्हणजे माझं निम्मं ड्रायव्हिंग रात्रीचं आणि त्यातला वाईट भाग घाटातला. गाडी जुनी झाल्यापासून हेडलाईटचा उजेड पिवळट आणि मंद पडला होता. पावसाळ्याच्या आधी काहीतरी करू म्हणून १४ मे रोजी तुमचा ‘जुन्या पिकअपसाठी खास’ असा संच मागवला. किंमत ४,८५० रुपये, घरपोच.

जाहिरातीत चार गोष्टी ठळक होत्या : २०० वॉट, २०,००० ल्युमेन (उजेडाचं माप), काहीही न कापता-जोडता बसतो, आणि ‘आरटीओ मान्य’. चारही खोट्या निघाल्या. मी नव्वदच्या दशकात आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केलेला माणूस आहे, म्हणून पुढे जे लिहितो ते मीटर लावून बघितलेलं आहे. मीटर खरेदीच्या आधीच लावायला हवा होता हेही कबूल करतो. मोबाईलवर झगमगीत व्हिडिओ बघून भुललो, ती चूक माझी.

बसवल्यावर पहिल्या रात्री अंगणात लाईट लावला तेव्हा घरातले सगळे खूश. समोरचं चिंचेचं झाड शेंड्यापर्यंत उजळलं होतं. तेव्हाच शंका यायला हवी होती. डिपरवर, म्हणजे उजेड खाली रस्त्यावर धरलेल्या, गाडीचा उजेड झाडाच्या शेंड्याला जातोच कशाला?

जूनच्या पहिल्या आठवड्यात पन्नास क्रेट, म्हणजे टनभर माल घेऊन निघालो. ओतूरपर्यंत समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर-डिपर मारत होता. मीही बटण खालीवर करून बघत होतो, डिपरच चालू होता. घाटात धुकं लागलं आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. जुन्या बल्बवर निदान कडेचा पट्टा दिसायचा, इथे बोनेटच्या पुढे नुसता दुधाळ उजेड. धुक्यात पिवळा चांगला की पांढरा यावर ढाब्यावर बसून रात्रभर वाद घालता येईल, पण माझी अडचण रंगाची नव्हती. जो उजेड रस्त्यावर पडायला हवा तो वर उडत होता आणि धुक्यावर आपटून माझ्याच डोळ्यांत परत येत होता. एका वळणावर समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी शेजारी थांबवली, खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “काका, डिपर मारा की! काही दिसत नाही आम्हाला.” मी म्हटलं, “अहो, डिपरच आहे हा!” त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती सांगत नाही. त्याच्या मागे चाळीस माणसं बसलेली होती.

तरी मी दामटलं. परतीच्या वाटेवर, गाडी रिकामी असताना, ओतूरच्या अलीकडे एक दूधवाला मोटारसायकलवर समोरून आला. दोन्ही बाजूंना कॅन. त्याने डोळ्यांवर हात धरलेला मला दिसला आणि पुढच्या क्षणाला तो रस्ता सोडून साइडपट्टीवरून खाली गेला. मी गाडी थांबवून धावलो. दैव बलवत्तर, खरचटण्यावर भागलं. एक कॅन उलटला होता, त्याचे पैसे मी दिले. तो शिव्या देत होता आणि मला एकाही शिवीला उत्तर देता येत नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी बॅटरी सुटी केली, वही काढली आणि तुमचा संच नीट तपासायला बसलो.

आधी भिंत. गाडी सपाट जागेवर, शाळेच्या भिंतीपासून बरोबर दहा मीटरवर उभी केली. भिंतीवर हेडलाईटच्या मध्याच्या उंचीची रेघ ओढली. साध्या एच-फोर बल्बवर डिपर लावला की भिंतीवर उजेडाची कड दिसते : उजवीकडे सपाट, रेघेच्या वीतभर खाली, आणि डावीकडे थोडी वर चढत गेलेली. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून डावी कड वर : कडेचा पायी चालणारा दिसावा. उजवीकडे सपाट : समोरच्याचे डोळे दिपू नयेत. तुमच्या बल्बवर ही कडच नाही. रेघेच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत उजेड सांडलेला, मध्ये दोन काळे डाग. हेडलाईटचे स्क्रू फिरवून खाली घेतलं तर सगळा उजेड बंपरच्या पुढे दहा-बारा पावलांत पडतो आणि लांबचं काहीच दिसत नाही.

असं का होतं हे तुमच्या तांत्रिक विभागाला ठाऊक असणार, तरी लिहितो. एच-फोर बल्बमध्ये दोन तारा असतात, अप्परची साठ वॉट आणि डिपरची पंचावन्न. डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या (बल्बमागच्या चकचकीत वाटीच्या) वरच्याच भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर वळतो. तार कुठे हवी हे मिलिमीटरच्या हिशेबात ठरलेलं असतं आणि रिफ्लेक्टर त्या जागेसाठीच घडवलेला असतो. तुमच्या बल्बमध्ये तारेच्या जागी एका पट्टीच्या दोन अंगांना चिप्स चिकटवल्या आहेत. व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं माप) लावला, पट्टीची जाडी पावणेतीन मिलिमीटर भरली. तारेचं वेटोळं दीड मिलिमीटरच्या आसपास असतं. बल्बपाशी एक मिलिमीटर इकडचं तिकडे झालं की पंचवीस मीटरवर उजेड हाता-दोन हातांनी सरकतो. वर पिकअप म्हणजे पिकअप : मागे टनभर माल टाकला की मागचे पाटे (स्प्रिंगा) बसतात आणि नाक वर होतं. कारवाल्याला जो बल्ब जेमतेम खपून जाईल तो भरलेल्या पिकअपमध्ये समोरच्याच्या थेट काचेत जातो. ‘पिकअपसाठी खास’ लिहिणाऱ्या माणसाने भरलेली पिकअप कधी बघितली होती का?

आता २०० वॉट. इंजिन चालू ठेवून वायरीला क्लॅम्प मीटर (करंट मोजायचा चिमटा) लावला. साडेतेरा व्होल्टवर एक बल्ब २.३ अँपिअर घेतो, म्हणजे ३१ वॉट. दोन्ही मिळून ६२. बाकीचे १३८ वॉट कुठे गेले? आणि ६२ वॉटमधून २०,००० ल्युमेन निघायचे तर दर वॉटला तीनशेच्या वर ल्युमेन पडले पाहिजेत. असल्या बल्बमध्ये वॉटला शंभरच्या आसपास मिळाले तरी खूप. साध्या एच-फोर बल्बचं प्रमाण डिपरला सुमारे १,००० आणि अप्परला १,६५० ल्युमेन असं ठरलेलं आहे आणि तेवढ्यात देशभरातल्या कितीतरी गाड्या रात्र काढतात.

‘काहीही कापावं लागत नाही’ याबद्दल एवढंच : तुमच्याच व्हिडिओत हेडलाईटच्या मागची रबरी टोपी ब्लेडने कापायला सांगितली आहे, कारण बल्बच्या मागचा पंखा त्यात मावत नाही. मी कापली. पहिल्या जोरदार पावसात डाव्या हेडलाईटमध्ये पाणी शिरलं आणि रिफ्लेक्टरवर डाग पडले. पाचव्या आठवड्यात उजवा पंखा धुळीने अडकला, बल्ब लुकलुकायला लागला आणि टोकावडे गाठेपर्यंत विझला. बाकीचा रस्ता एका डोळ्याने काढला. रेडिओही या बल्बमुळे नुसता खरखरायचा, पण ती तक्रार मी सोडून देतो.

९ जूनला तुमच्या हेल्पलाईनला पहिली तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक लगेच आला, त्यानंतर अकरा दिवस काही नाही. मग एका मुलाचा फोन आला. बोलायला नम्र होता, त्याच्यावर राग नाही. मी पाच मिनिटं सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पण सर, ब्राइटनेस तर मिळतोय ना?” मी म्हटलं, बाळा, मिळतोय, पण समोरच्याला. त्याने ‘वरिष्ठांकडे पाठवतो’ म्हणून फोन ठेवला. २ जुलैला तुमचा मेल : “आपले वाहन जुने असल्याने वायरिंगमध्ये दोष संभवतो, उत्पादनात दोष नाही.” नाचता येईना, अंगण वाकडं. जुन्या वाहनासाठी खास म्हणून विकायचं आणि बिघडलं की वाहन जुनं आहे म्हणायचं! त्यासोबत पुढच्या खरेदीवर ३०० रुपयांची सूट देणारं कूपन. ते मी वापरलेलं नाही आणि वापरणारही नाही.

जुलैमध्ये गाडी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, नेली. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी न्यावीच लागते. तपासणाऱ्या साहेबांनी लाईट लावायला सांगितला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाले, हे काढून आणा. मी तुमच्या खोक्यावरचं ‘आरटीओ मान्य’ दाखवलं. ते हसले. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९मधला नियम १०६ समोरच्याचे डोळे दिपतील असा दिवा लावू देत नाही, हे त्यांनी मला सांगितलं आणि मी तुम्हाला सांगतो. एक खेप वाया गेली, एक दिवस गेला. कोणत्या मान्यतेच्या जोरावर ते शब्द खोक्यावर छापलेत, त्या कागदाची प्रत मला पाठवा. कागद नसेल तर तसं लिहून कळवा.

तुमच्या मेलमधली एक गोष्ट मात्र बरोबर होती आणि ती मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. वायरिंगमध्ये दोष होताच. जुना बल्ब परत लावून होल्डरपाशी मोजलं तेव्हा ११.२ व्होल्ट मिळाले, बॅटरीवर १३.८ होते. हेडलाईटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या जुन्या स्विचमधून आणि बारीक वायरमधून फिरून येत होता. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की हॅलोजनचा उजेड तीस टक्क्यांनी घटतो. माझा जवळजवळ निम्मा उजेड वायरीतच मरत होता. मग हे सगळं बसवलं : दोन रिले (बॅटरीचा करंट थेट दिव्याला सोडणारे स्विच), बॅटरीवरून फ्यूजसह अडीच चौरस मिलिमीटरची वायर, अर्थिंग घासून नवीन, डाग पडलेल्या हेडलाईटच्या जागी नवीन हेडलाईट आणि कंपनीचे साधे साठ-पंचावन्नचे बल्ब. होल्डरवर आता १३.४ व्होल्ट येतात. हेडलाईट सोडला तर बाकीचा खर्च तुमच्या संचाच्या निम्माही झाला नाही. गेल्या पंधरवड्यात तीनदा माळशेज उतरलो, एकानेही अप्पर मारला नाही. जो विक्रेता जुन्या पिकअपवाल्याला खरंच उजेड देऊ इच्छितो, त्याने आधी हा रिलेचा संच विकावा. पण त्याचा व्हिडिओ झगमगीत होत नाही.

माझ्या मागण्या अशा. संचाचे ४,८५० रुपये पूर्ण परत करा. पाण्याने खराब झालेल्या डाव्या हेडलाईटचे आणि दोन रबरी टोप्यांचे मिळून २,१४० रुपये द्या, पावत्या जोडल्या आहेत. जाहिरातीतून आणि खोक्यावरून ‘आरटीओ मान्य’, ‘२०० वॉट’ आणि ‘काहीही न कापता’ हे शब्द काढा. या तिसऱ्या मागणीवर मी तडजोड करणार नाही. पैसे माझे गेले, पण साइडपट्टीवरून खाली गेला तो दूधवाला तुमचा ग्राहक नव्हता. दुधाचे पैसे आणि पासिंगचा वाया गेलेला दिवस मी मागत नाही.

ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माझ्या पहिल्या तक्रारीला आता दोन महिने उलटून गेले. या पत्रानंतर पंधरा दिवस थांबेन. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही आणि मोजमापांची वही, भिंतीचे फोटो, क्लॅम्प मीटरचे फोटो सगळं तयार आहे.

दोन्ही बल्ब पुसून मूळ खोक्यात भरून ठेवले आहेत. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा दुपारनंतर पाठवा. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी वाशीहून आलेला असतो आणि झोपलेला असतो.

आपला ग्राहक,
(सही)

सोबत : खरेदीची पावती, हेडलाईट व टोप्यांच्या पावत्या, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो, भिंतीवरील उजेडाचे सहा फोटो, मोजमापांच्या वहीची प्रत, न वापरलेलं ३०० रुपयांचं कूपन.