४५ दिवसांचं पिल्लू

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्याच पेपरच्या छोट्या जाहिरातींत तीन ठिकाणी 'लॅब, पग, शित्झू, ४५ दिवसांची पिल्लं' असं वाचलं आणि म्हटलं आता पत्र लिहायलाच पाहिजे. २०१७ साली केंद्राने कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे आणि विक्रीचे नियम काढलेत, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला चक्क मनाई आहे. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. म्हणजे नियम मोडणारा लपूनछपून मोडत नाहीये, पैसे भरून पेपरात छापून आणतोय! आणि छापणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

हा ४५ चा आकडा आला कुठून असं आमच्या डॉक्टरांना (कुत्र्याच्या) विचारलं तर ते हसले. म्हणाले, दीड महिन्यात पिल्लू वरचं खायला लागतं, तिथून ब्रीडरच्या खिशाला कात्री, त्यात पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा, पसरणारा आजार) झाला तर अख्खं वेत जातं, त्यापेक्षा तुमच्या घरी जाऊन आजारी पडलेलं बरं ना. शिवाय जेवढं लहान तेवढं गोंडस, गिऱ्हाईक लगेच विरघळतं.

माझा यात काय संबंध, तर आमच्याकडे वर्षभरापासून एक पग आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरत होता, 'अर्जंट अ‍ॅडॉप्शन, फीमेल, ५ वर्षं, फ्री'. फ्री का ते घरी आणल्यावर कळलं. पहिले चार दिवस ती जिन्यापाशी जाऊन नुसती उभी राहायची, पायरी चढायची असते हेच तिला माहीत नव्हतं. नखं एवढी वाढलेली की वळून पंजात रुतत होती. नसबंदीसाठी पोटावरचे केस काढले तर सिझेरियनच्या जुन्या खुणा, एकीवर एक. पगच्या पिल्लांची डोकी मोठी असतात त्यामुळे बरेचदा पोट फाडूनच बाहेर काढावी लागतात म्हणे. २००३ च्या हच या मोबाईल कंपनीच्या त्या पगवाल्या जाहिरातीनंतर ज्याला त्याला पग पाहिजे होता, आम्हालाही हवा होता, खोटं कशाला बोलू, पण या पिल्लांची आई कुठे असते हा प्रश्न तेव्हा कोणाच्याच डोक्यात आला नाही.

नियमात सगळं आहे हो. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय मेटिंग नाही, वर्षाला एकच वेत, आयुष्यात पाचच, पिल्लांचं रेकॉर्ड, आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडरची नोंदणी. पण तिची वेतं मोजणार कोण? पिंजरा बघायला जाणार कोण? बरं, नोंदणी आहे का विचारलं की समोरचा केसीआयचे पेपर पुढे करतो आणि आपण गप्प बसतो. अहो ते केनेल क्लब ऑफ इंडिया या खाजगी संस्थेचे कागद, त्यात फक्त पिल्लाची वंशावळ असते, सरकारी नोंदणी वेगळी! आणि कोणी पकडला गेलाच तरी १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. तेवढ्यात हल्ली किलोभर डॉगफूड येत नाही.

मांजरांचं तर विचारूच नका. २०१७ चे नियम फक्त कुत्र्यांचे. दुकानात मांजर विकलं तर २०१८ चे पेट शॉपचे नियम लागतात, पण वन बीएचकेच्या बाल्कनीत पर्शियन मांजराच्या चार माद्या ठेवून 'पंच फेस, सेमी पंच' (म्हणजे चपट्या तोंडाची पिल्लं) असे रील टाकणाऱ्याला त्यांची वेतं मोजायला सांगणारा नियम कुठला?

इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून 'लूसीज लॉ' म्हणून एक कायदा आहे. लूसी म्हणजे आमच्या पगसारखीच गत झालेली, पप्पी फार्ममध्ये (पिल्लांच्या कारखान्यात म्हणा) वेतांमागून वेतं काढून घेतलेली कुत्री. तिथे आता सहा महिन्यांखालचं कुत्र्याचं किंवा मांजराचं पिल्लू दुकानदाराने, दलालाने विकायला बंदी आहे, ते ब्रीडरनेच विकायचं आणि कुत्र्याचं पिल्लू तर आईसोबत दाखवून. मला वाटतं आपल्याकडे बाकी काही नाही झालं तरी आई दाखवायची सक्ती व्हावी, कुत्रा असो की मांजर. कारण पेट्रोल पंपावर खोक्यातून पिल्लू हातात देणाऱ्याला आई आणून दाखवता येणार नाही, आणि आणली तर ती कशी आहे ते गिऱ्हाईकाला डोळ्यांनी दिसेल.

तोवर राज्य सरकारने जाहिरातीत नोंदणी क्रमांक सक्तीचा करावा, आणि सरकारला वेळ नसेल तर आपण तरी पुढच्या रविवारपासून क्रमांक नसलेली जाहिरात घेऊ नये. ४५ दिवसांची तर नाहीच नाही.

आपली,
एक वाचक, पुणे