अंजिराचा मोझॅक कलमांतून येतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुरंदरच्या अंजिराची बातमी आली, की ती बहुधा भावाची, तांबेऱ्याची किंवा 2016 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची असते. पानांवर पिवळसर चट्टे पाडणाऱ्या, पाने वेडीवाकडी करणाऱ्या आणि कोवळी फळे गळवणाऱ्या मोझॅक रोगाबद्दल मात्र क्वचितच काही छापून येते. माझ्या बागेत हे चट्टे प्रथम दिसले, तेव्हा ती जस्त-लोहाची कमतरता असावी असे समजून मी दोन हंगाम सूक्ष्म अन्नद्रव्ये फवारत राहिलो. दुकानदारानेही तेच सांगितले होते.

वस्तुतः हा विषाणूजन्य रोग आहे. तो झाडाझाडांत पसरवणारा एरिओफाइड कोळी (रस शोषणारी सूक्ष्म कीड) जेमतेम 0.2 मिलिमीटर लांबीचा असून शेंड्याच्या डोळ्यात दडून राहतो. नुसत्या नजरेला तो दिसत नाही आणि आपल्या ओळखीच्या लाल कोळ्याशी त्याची गल्लत करून चालत नाही. कोळ्यामुळे हा रोग पसरतो हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 1955 मध्येच दाखवले होते, विषाणूची ओळख मात्र 2009 मध्ये पटली. तुरीचा वांझ रोग पाहिलेल्या शेतकऱ्याला हे नवे वाटू नये, कारण तोही अशाच कोळ्यामार्फत पसरतो आणि दोन्हींचे विषाणू वेगवेगळे असले तरी एकाच गटातले आहेत.

पाण्यात मिसळणारे गंधक उन्हाचा तडाखा नसताना फवारल्यास कोळी आटोक्यात राहतो. पण झाडात शिरलेला विषाणू कोणत्याही औषधाने निघत नाही. उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके ऊठसूट मारल्याने कोळ्यांना खाणारे भक्षक कोळीच आधी मरतात.

खरी मेख कलमांत आहे. अंजिराची लागवड फाटे किंवा गुटी कलमांनी होते, त्यामुळे रोगट झाडाचा फाटा लावला की विषाणू पहिल्या दिवसापासूनच नव्या बागेत असतो आणि कोळी त्याला पुढे नेण्याचे काम करतो. फळरोपवाटिकांना परवाना लागतोच. त्या परवान्यात अंजिराच्या मातृवृक्षांची, म्हणजे ज्यांच्यापासून कलमे घेतात त्या झाडांची, प्रयोगशाळेत विषाणू तपासणी करण्याची आणि कलम कोणत्या मातृवृक्षाचे आहे हे पावतीवर लिहून देण्याची अट कृषी विभागाने घालावी. जाधववाडी येथील अंजीर व सीताफळ संशोधन केंद्राने निरोगी मातृवृक्षांचे फाटे शेतकऱ्यांना द्यावेत, अशीही विनंती आहे. तोवर नव्याने लागवड करणाऱ्यांनी कलमे घेण्यापूर्वी पाने असताना मातृवृक्ष स्वतः पाहून यावा. पानगळीनंतर चट्टे ओळखता येत नाहीत.

आपला,
एक अंजीर उत्पादक, ता. पुरंदर, जि. पुणे