अरबी गोष्टीही बालपुरवणीत येऊ द्या

संपादक महोदय,

तुमची बालपुरवणी आम्ही इथे शारजात ऑनलाइन वाचतो. जगभरच्या गोष्टी असतात त्यात, पण अरबी म्हटलं की तोच अल्लादिन नि तोच दिवा, मग आपल्या मुलांना वाटतं अरब म्हणजे वाळवंट, उंट आणि जिन्न, बास. घराघरात सांगतात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत हो. हातिमताईचीच घ्या ना, रात्री राजाचे दूत दारात आलेत, घरात त्यांच्यापुढे ठेवायला काहीच नाही, तर हा बाबा कशाला आलात हेही न विचारता आपला लाडका घोडा कापून त्यांना जेवू घालतो आणि नंतर कळतं की ते तोच घोडा मागायला आले होते. पाहुण्याला आधी जेवण, कामाचं मग, ही रीत मुलांच्या डोक्यात अशी बसते.

पॅलेस्टाइनमध्ये हिवाळ्याच्या रात्री म्हाताऱ्या बायका पोरांना 'हिकाये' म्हणजे लोककथा सांगतात, युनेस्कोच्या वारसा यादीत 2008 पासून आहे ती परंपरा. मला त्यात सगळ्यात काय आवडतं तर बायकांची बाजू बायकाच मांडतात, नुसतं मोठ्यांचं ऐका एवढंच नाही. अरबी गोष्टींतला गमत्या जुहा आणि त्याच्या गाढवाच्या गोष्टी तर आपल्या पोरांना लगेच आवडतील.

इथे दरवर्षी मुलांचा वाचन महोत्सव भरतो, अरबी येणारी मराठी माणसंही आहेत, त्यांच्याकडून लिहून घ्या आणि महिन्याला एक तरी गोष्ट छापाच, प्लीज.

– एक वाचक, शारजा