रजिस्टरवाल्या दादाला

दादा,

तुझे आभार मानायचे राहूनच गेले. आपल्या गावात कोणी कोणाला तोंडावर ‘आभारी आहे’ म्हणत नाही, म्हणून चारचौघांत लिहून टाकते.

२०२० मध्ये तुझं नागपूरचं होस्टेल बंद झालं आणि तू गावी आलास. गच्चीवर टाकीजवळ उभं राहिलं तरच नेटवर्क यायचं. तिथं बसून तू ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन मिळून गोष्ट रचायच्या खेळाचे, फुकट मिळणारे नियम उतरवलेस आणि मराठी करून जाड रजिस्टरात लिहिलेस. दिवाळीनंतर तुमच्या ओसरीवर आम्ही सहा जण जमू लागलो. दिवसभर कापूस वेचायचा, रात्री राक्षस मारायचे. वीस बाजूंचा फासा यवतमाळातही मिळाला नाही, मग १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या गंजात टाकल्या. सहाचे फासे लुडोतले.

खरं सांगू, रजिस्टर बघूनच मला कंटाळा आला होता. गोष्टच रचायची तर एवढे नियम कशाला? पण आपल्याकडचं क्रिकेट तुला माहीत आहे. ज्याची बॅट त्याचा निर्णय. आउट की नॉट आउट ते आवाजावर ठरतं, आणि पोरींना तर फक्त नाल्यातून बॉल आणायला बोलावतात.

माझा चोर किल्ल्यातल्या कोरड्या विहिरीत पडला ती रात्र आठवते? ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा, तो लगेच म्हणाला, “हिरीत पडला म्हंजे मेला. त्यात काय पाहाचं?” सगळे गप्प. मी पात्राचा कागद फाडायलाच घेतला होता. तू काही न बोलता रजिस्टर माझ्याकडे सरकवलंस. “वाच.” दर १० फुटांना एक सहाचा फासा, येईल तेवढा जीव कमी, कितीही उंचावरून पडलं तरी २० फाशांच्या वर नाही. विहीर ३० फूट खोल, हे तू आधीच सांगून बसला होतास. तीन फासे टाकले. ४, १, २. चोराचा जीव होता ११, उरला ४. मी विहिरीच्या तळातून ओरडले, दोर टाका रे! आवाज न चढवता जिंकलेला तो माझा पहिला वाद.

पाळीचंही तसंच. लढाईची एक फेरी ६ सेकंदांची, आणि कोणाची पाळी आधी ते चिठ्ठीवर. तोच भिडू एका दमात दार उघडून, दोघांना लोळवून, वर खजिनाही उचलायचा. तू विचारायचास, “सहा सेकंदांत एवढं होते का बे?” तोही हसायचा. मग माझी पाळी यायची, कोणी मेहरबानी म्हणून दिलेली नाही, चिठ्ठीनं आलेली.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ काढला तो टेबलावरच्या लढायांच्या खेळातून, म्हणून यात इतकं मोजमाप, असं तू सांगितलं होतंस. ओझ्याचा नियम मात्र मला आजही पटत नाही. १० ताकदीचा माणूस १५० पौंड, म्हणजे साधारण ६८ किलो ओझं घेऊन फिरू शकतो. एवढा हिशेब बाजार समितीत ठीक आहे.

शेवटच्या पानावर तू आपले घरचे नियम लिहिलेस. त्यातला पहिला: खेळाआधी चिठ्ठ्या मोठ्यानं मोजायच्या. कारण एका रात्री कोणालाच १ आला नाही आणि मोजल्या तर चिठ्ठ्या १९ निघाल्या. तू कोणाचा खिसा तपासला नाहीस, नियम लिहिलास. आज सांगते, ती चिठ्ठी माझ्या ओढणीच्या गाठीत होती.

दुसरा नियम मला सगळ्यांत आवडतो. रात्रीची लाइन आली की कोणी ना कोणी मोटर लावायला शेतात पळायचा, आणि परत येईपर्यंत बाकीच्यांनी त्याची तलवार विकलेली असायची. तू लिहिलंस: ‘मोटर लावायला गेलेल्याचं पात्र झोपलेलं समजावं. त्याला मारू नये, त्याचं काही घेऊ नये.’ पुस्तकात असलं काही नाही, मी नंतर शोधून पाहिलं.

रजिस्टर माझ्याकडे आहे. एक कोपरा उंदरानं कुरतडला, बाकी शाबूत. आता माझी चुलत भावंडं खेळतात. खेळ मी चालवते, आणि वाद झाला की पान उघडून सगळ्यांत लहानीकडे देते. पोळ्याला येशील तर ओसरीवर ये. चिठ्ठ्या पुऱ्या २० आहेत, मोजून घे.

तुझी,
विहिरीतली चोर