स्पॅनिशची परीक्षा आणि दादाचा साखरपुडा

माद्रिद

तीर्थरूप आई व बाबा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. माझी प्रकृती उत्तम आहे आणि जेवण वेळेवर होते. बाकीचा दिनक्रम तुम्हाला पाठच आहे, म्हणून तो पुन्हा लिहीत नाही.

बाबा, सगळे शिक्षण इंग्रजीत झाले, नोकरीही इंग्रजीतच चालते, मग या वयात स्पॅनिशचा वर्ग कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. परंतु कार्यालयाबाहेर पाऊल टाकले की इंग्रजीवर भागत नाही. घरभाड्याचा करार, दवाखाना, सरकारी कचेरीतला अर्ज, सगळीकडे स्पॅनिशच लागते आणि दर वेळी सहकाऱ्याला सोबत नेणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय इंग्रजी येणाऱ्याला ही भाषा तुलनेने सोपी मानली जाते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी संस्था अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, ती स्पॅनिशसाठी साधारण ६०० ते ७५० तासांचे वर्ग धरते, तर जपानी किंवा अरबीसाठी २,२०० तासांचे. तेव्हा डोक्यावर फार ताण पडत असेल ही काळजी सोडून द्यावी.

वर्ग इंग्रजीतून चालतो, पण खरी मदत मराठीचीच होते. ‘मे गुस्ता एल लिब्रो’ आणि ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ या वाक्यांत पुस्तक एक की अनेक यावरून क्रियापद का बदलते, हे इंग्लंडहून आलेल्या सोबत्यांना पुनःपुन्हा समजवावे लागते. ‘मला पुस्तक आवडते’ आणि ‘मला पुस्तके आवडतात’ म्हणत वाढलेल्या मला त्यात काहीच नवल वाटले नाही. त्यांची जीभ ‘त’ आणि ‘द’ला अडखळते, माझी अडखळत नाही. लिंगे मात्र मलाही घोकावीच लागतात, कारण ‘मानो’ म्हणजे हात हा येथे स्त्रीलिंगी आहे. ‘असणे’ याची दोन क्रियापदे आहेत, तेथे तर मराठीही हात टेकते: ‘एस्तोय अबुर्रीदा’ म्हणजे मला कंटाळा आला आहे आणि ‘सोय अबुर्रीदा’ म्हणजे मीच कंटाळवाणी आहे.

आता त्या फोनबद्दल. घरमालकीणबाई माझ्या आजीच्या वयाच्या असताना मी त्यांना ‘तू’ म्हटले, हे ऐकून बाबांना राग आला, असे आईने लिहिले आहे. म्हणून हे सविस्तर सांगते. स्पॅनिशमध्ये ‘तू’ला ‘तू’च म्हणतात आणि आदरार्थी ‘उस्तेद’ असा वेगळा शब्द आहे, ज्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषाचे येते. परंतु स्पेनमध्ये ‘उस्तेद’ आता बराच मागे पडला आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला आणि विद्यार्थी प्राध्यापकाला सर्रास ‘तू’ म्हणतात. खूप वयस्कर अनोळखी माणूस, न्यायालय किंवा औपचारिक पत्र असेल तर ‘उस्तेद’ येतो. पण ओळखीतल्या माणसाला तो लावला तर आपण त्याला दूर लोटले किंवा म्हातारे ठरवले असे वाटू शकते. घरमालकीणबाईंनीच मला ‘तू’ म्हणायला सांगितले आहे. याउलट कोलंबियाच्या काही भागांत आईवडील मुलांनाही ‘उस्तेद’ म्हणतात आणि अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘वोस’ चालतो. आपल्याकडेही आईला ‘तू’ आणि बाबांना ‘तुम्ही’ म्हणताना आईचा मान कमी होत नाही. तेव्हा मी वळण विसरले, असे कृपया समजू नये.

आई, परीक्षा म्हणताच तुला नागरिकत्वाची शंका आली, ती निराधार आहे. नागरिकत्वासाठी ए-२, म्हणजे सहा पातळ्यांपैकी खालून दुसऱ्या पातळीची भाषापरीक्षा लागते हे खरे. पण भारतीयांना त्याआधी सामान्यतः १० वर्षे येथे कायदेशीर वास्तव्य करावे लागते, आणि आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे आपले पारपत्रच सोडावे लागेल. तो विचार माझ्या मनात नाही. मी तिच्या वरच्या बी-१ पातळीच्या परीक्षेला बसते आहे, ती केवळ नोकरीतल्या बढतीसाठी. प्रमाणपत्राला मुदत नसते, त्यामुळे पुन्हा खर्च नाही.

परीक्षा नोव्हेंबरात आहे आणि दादाचा साखरपुडाही त्याच आठवड्यात ठरला, हे वाचल्यापासून पुस्तकात लक्ष लागत नाही. वाचन व लेखन मिळून ५०पैकी ३० आणि श्रवण व संभाषण मिळून ५०पैकी ३० गुण एकाच वेळी मिळवावे लागतात, एका गटाची उणीव दुसऱ्यातून भरून निघत नाही. म्हणून अर्धीच परीक्षा देऊन येण्याची सोय नाही. पुढच्या खेपेस बसले असते, पण शुल्क भरून झाले आहे आणि बढतीचा निर्णय वर्षअखेरीस होणार आहे. दादा समजून घेईल असे तो स्वतः म्हणाला, वहिनीही हसून बोलली. तरी माझ्या वाटचे औक्षण काकूंनी करावे आणि व्हिडिओ मात्र नक्की चालू ठेवावा. लग्नाला फेब्रुवारीत पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली आहे, तिकीटही काढले आहे.

वर्गाच्या शुल्कामुळे गेले काही महिने घरी कमी पैसे पाठवले, याबद्दल तुम्ही एका शब्दाने विचारले नाही, तेच मनाला जास्त लागले. या महिन्यापासून कर्जाच्या हप्त्याची पूर्ण रक्कम येईल आणि वहिनीच्या शालूचे पैसे मी वेगळे पाठवते. कृपया ते हप्त्यात वळते करू नयेत.

मामींनी सुचवलेल्या स्थळाविषयी दादाचे लग्न पार पडेपर्यंत मी काही बोलणार नाही. मुलगा परदेशात राहण्यास तयार आहे का, एवढे मात्र विचारून ठेवण्यास हरकत नाही.

तुमची,
धाकटी